चारांत एक : आनुवंशिकीच्या एका अभ्यासाविषयी

या स्मरणिकेत वसतिगृहाच्या आठवणी अनेकांनी लिहिल्या असतील आणि त्या आमच्यापेक्षा सरसही असतील. म्हणून आम्ही एका अभ्यासाविषयी लिहावयाचे ठरविले. आम्ही पाच माजी विद्यार्थी. दोघे शिक्षक, एक बँकेत, एक ग्रामपंचायतीच्या सेवेत आणि एक भगिनी अंगणवाडी पर्यवेक्षिका. दहावीनंतर आमच्यापैकी चौघांचा जीवशास्त्राशी संबंध संपला होता. तरीही अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेचा प्रारंभिक जीवशास्त्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम आम्ही मिळून हाती घेतला आणि त्यातील आनुवंशिकीचा भाग शेवटपर्यंत सोडविला. ‘पाहिला’ न म्हणता ‘सोडविला’ असे म्हणण्याचे कारण पुढे येईल.

हा विषय आम्ही निवडला तो हौसेने नव्हे. विदर्भात सिकलसेल हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कोणाच्या घरात रुग्ण आहे, कोणाच्या सोयरिकीत वाहक आहे. आमच्या पर्यवेक्षिका भगिनीला गावोगाव एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो : “ताई, डॉक्टरांनी चारांत एक सांगितले होते. पहिले पोर तर आजारी निघाले. आता पुढची तिन्ही चांगली होतील ना?” ह्या प्रश्नाला ‘नाही’ एवढे उत्तर देणे सोपे आहे. परंतु ‘का नाही’ हे विचारणाऱ्या आईला पटेल अशा रीतीने सांगता यावे, तर आधी ते स्वतःला नीट समजले पाहिजे. अभ्यासाची सुरुवात तेथून झाली.

अभ्यासक्रमाचे नाव मराठीत ‘जीवशास्त्राची ओळख : जीवनाचे रहस्य’ असे होईल. २०१३ साली तो एडएक्स या व्यासपीठावर प्रथम आला. शिकविणारे प्राध्यापक एरिक लँडर हे मूळचे गणिती असून मानवी जनुकसंच वाचण्याच्या प्रकल्पाचे एक अग्रणी होते. गणिताची ती बैठक त्यांच्या शिकवण्यात पदोपदी जाणवते. विषयाची मांडणीही त्यांनी मोठी सुरेख केली आहे. सजीवाचे कार्य समजून घेण्याचे दोन जुने मार्ग होते. एक जीवरसायनशास्त्राचा : पेशी फोडावी, तिच्यातील एक घटक शुद्ध करून वेगळा काढावा आणि तो एकटा काय करतो हे पाहावे. दुसरा आनुवंशिकीचा : सजीव अखंड ठेवावा, त्यातील एकच घटक बिघडलेला असेल तर काय होते ते पाहावे. पहिला मार्ग प्रथिनांकडे गेला, दुसरा जनुकांकडे. दोन्ही वाटा दीर्घकाळ एकमेकींना अनोळखी राहिल्या. ही मांडणी मनात ठेवली की पुढचा सर्व अभ्यास एका सूत्रात ओवला जातो.

अडचणी सांगावयास हव्यात, कारण आपल्या विद्यार्थ्यांना त्याच येतील. पहिली इंग्रजीची. त्यावर उपाय असा की ध्वनिचित्रफितीचा वेग कमी करावा, पडद्याखाली इंग्रजी अक्षरे चालू ठेवावीत आणि एका वहीत पारिभाषिक शब्दांची आपली यादी करावी. जनुक, गुणसूत्र, प्रभावी, अप्रभावी, संकर, वाहक हे शब्द आपण शाळेतच शिकलो आहोत. नवे शब्द वाटतात तेवढे नाहीत. दुसरी अडचण अधिक फसवी आहे. उत्तम शिक्षकाचे व्याख्यान ऐकताना सर्व काही समजल्यासारखे वाटते. मान डोलत राहते. मग त्याच विषयावरील पहिले उदाहरण समोर येते आणि पेन्सिल जागची हलत नाही. आनुवंशिकी हा ऐकण्याचा विषय नाही. तो पाटीवरच्या गणितासारखा हाताने करण्याचा विषय आहे. म्हणून आम्ही असा नियम केला होता की आठवड्यात व्याख्यान एकदाच पाहावे आणि उदाहरणे तीनदा करावीत : एकदा एकट्याने, एकदा फोनवर सर्वांनी मिळून, आणि शेवटी कागद कोरा ठेवून दुसऱ्याला समजावताना. तिसऱ्या वेळी जे अडखळते तेच खरे न समजलेले असते.

आता मुख्य पाठाकडे वळू. ग्रेगोर मेंडेल हे आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो शहरातील एका मठाचे साधू. मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात त्यांनी वाटाण्याच्या झाडांवर प्रयोग केले, १८६५ साली ते तेथील विज्ञान मंडळासमोर वाचले आणि १८६६ साली छापले. १९०० सालापर्यंत त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. हे आपल्याला शाळेत शिकविले होते. ३:१ हे गुणोत्तरही पाठ होते. पण त्या गुणोत्तरामागचे मूळ आकडे आम्ही या अभ्यासात प्रथमच नीट पाहिले, आणि पाठ केलेली गोष्ट व पाहिलेली गोष्ट यांतील अंतर लक्षात आले.

गोल बियांचे वाण आणि सुरकुतलेल्या बियांचे वाण यांचा संकर केला असता पहिल्या पिढीत सर्व बिया गोल आल्या. सुरकुतलेपण नाहीसे झाले काय? त्या संकरित बियांपासून वाढलेल्या २५३ झाडांत मेंडेल यांनी स्वपरागण होऊ दिले आणि ७,३२४ बिया मोजल्या. ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेल्या. गुणोत्तर २.९६ ला १. सुरकुतलेपण कोठेही गेले नव्हते. ते एक पिढी दडून राहिले होते, आणि परत आले तेव्हा जसेच्या तसे आले, अर्धवट नव्हे. मेंडेल यांनी अनुमान केले की प्रत्येक झाडात एका गुणासाठी दोन घटक असतात, एक आईकडून व एक बापाकडून. पुढच्या पिढीला देताना त्यांतील एकच दिला जातो. कोणता, हे नाणेफेकीसारखे ठरते. गोलपणाच्या घटकाला ‘ग’ व सुरकुतलेपणाच्या घटकाला ‘स’ म्हणू. संकरित झाड ‘गस’. त्याची संतती गग, गस, सग, सस अशा चार सारख्या शक्यतांची. ‘ग’ प्रभावी असल्याने पहिल्या तिन्ही गोल दिसतील, चौथी सुरकुतलेली.

येथपर्यंत सर्व जण येतात. पुष्कळ जण येथेच थांबतात. मेंडेल यांचे मोठेपण आमच्या मते पुढच्या पायरीत आहे. त्यांचे अनुमान खरे असेल, तर त्या गोल बिया दिसायला एकसारख्या असल्या तरी आतून दोन प्रकारच्या असल्या पाहिजेत : एक भाग शुद्ध ‘गग’ आणि दोन भाग ‘गस’. डोळ्यांना हा भेद दिसत नाही. मग त्यांनी गोल बियांपासून ५६५ झाडे वाढविली आणि त्यांची संतती पाहिली. १९३ झाडांना केवळ गोल बिया आल्या. ३७२ झाडांना गोल व सुरकुतलेल्या अशा दोन्ही आल्या. ५६५ चे दोन तृतीयांश म्हणजे ३७७ च्या आसपास. प्रत्यक्षात ३७२. न दिसणारी गोष्ट आधी गणिताने सांगून मग जमिनीतून उगवून दाखविणे, हे शास्त्र.

हा ‘दोन तृतीयांश’ वाचकांनी जवळ ठेवावा. थोड्याच वेळात तो घरात येणार आहे.

मेंडेल यांच्या लेखातील आणखी एक आकडा आम्हांला विशेष मोलाचा वाटला. एकेका झाडाचा हिशेब त्यांनी प्रामाणिकपणे दिला आहे. एका झाडाला ४३ बिया गोल आणि सुरकुतलेल्या केवळ २ आल्या. दुसऱ्या एका झाडाला १४ गोल आणि १५ सुरकुतलेल्या. म्हणजे ज्या नियमाने सात हजार बियांत ३:१ दाखविले, तोच नियम एकेका झाडात कोठे बावीसास एक तर कोठे बरोबरीस येऊन थांबतो. एका झाडाला तीस-चाळीस बिया असताना ही तऱ्हा, तर आपल्या घरात दोन-चार मुले. तेथे चारांत एक नेमके कसे भरेल?

आता सिकलसेलकडे येऊ. रक्तातील हिमोग्लोबिनचे नेहमीचे जनुक ‘ए’ आणि बदललेले ‘एस’. दोन्हीकडून ‘ए’ मिळाले तर एए, म्हणजे निरोगी. एकीकडून ‘एस’ मिळाले तर एएस, म्हणजे वाहक. दोन्हीकडून ‘एस’ मिळाले तर एसएस, म्हणजे रुग्ण. वाहक हा रुग्ण नव्हे. सामान्यतः तो सर्वांसारखेच आयुष्य जगतो. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला रुग्ण होण्याची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारांत एक. ‘प्रत्येक’ ह्या शब्दावर सगळा भार आहे. ही रेशनची वाटणी नाही की एकाने आपला वाटा उचलला म्हणून इतरांचे भागले. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी दोन्ही नाणी नव्याने उडतात, आणि नाण्याला मागची फेक आठवत नाही.

त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर आता आकड्यांत देता येते. पुढची तिन्ही मुले आजारापासून मुक्त असण्याची शक्यता तीन चतुर्थांश गुणिले तीन चतुर्थांश गुणिले तीन चतुर्थांश, म्हणजे चौसष्टांत सत्तावीस, शेकडा ४२. तिघांपैकी निदान एक आजारी असण्याची शक्यता शेकडा ५८. चार मुले असणाऱ्या वाहक जोडप्यांचा विचार केला तर शेकडा सुमारे ३२ घरांत एकही रुग्ण नसतो, ४२ घरांत एक असतो आणि उरलेल्या २६ घरांत दोन किंवा अधिक असतात. पुस्तकातले ‘चारांत एक’ जसेच्या तसे निम्म्याहून कमी घरांत उतरते.

हे सांगून पटत नाही, करून पटते. शिक्षकांनी वर्गात पुढील प्रयोग अवश्य करावा. एक रुपयाचे नाणे बाप, दोन रुपयांचे आई. छापा म्हणजे ‘एस’, काटा म्हणजे ‘ए’. दोन्ही एकदम उडवावीत. दोन्ही छापा आले की मूल एसएस. चार फेकी म्हणजे एक घर. पन्नास विद्यार्थ्यांनी एकेक घर केले तर फळ्यावर सोळाएक घरे रुग्णाविना, एकवीसएक घरे एका रुग्णाची आणि उरलेली त्याहून अधिकांची अशी मांडणी साधारणपणे दिसेल. शिवाय या प्रयोगातून आणखी एक गोष्ट न बोलता कळते. रुग्ण होण्यासाठी दोन्ही नाण्यांचा छापा लागतो. सुनेच्या माहेरून आजार आला, असे म्हणणाऱ्या घराने आपले नाणेही एकदा उलटून पाहावे.

आता तो दोन तृतीयांश. एका मुलीला एसएस आहे. तिचा मोठा भाऊ धडधाकट, रोग नाही हे निश्चित, पण तपासणी कधी झालेली नाही. तो वाहक असण्याची शक्यता किती? आमच्या पाचांपैकी चौघांनी पहिल्यांदा ‘निम्मी’ असे उत्तर दिले. असे उत्तर देणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु तो रुग्ण नाही हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून चार शक्यतांपैकी एसएस ही बाद झाली. उरल्या तीन, त्यांतील दोन वाहकाच्या. तीनांत दोन. मेंडेल यांच्या बागेतील ३७२ झाडे ती हीच. गोल दिसणाऱ्या बीमध्ये ‘स’ दडला आहे का, आणि रुग्ण बहिणीच्या निरोगी भावात ‘एस’ दडला आहे का, हे एकच उदाहरण आहे. बीला पेरून पाहावे लागले. माणसाला थोड्या रक्तात कळते.

या ठिकाणी प्राध्यापक लँडर यांच्या दोन वाटा एकमेकींना भेटतात, आणि त्या भेटल्या त्या सिकलसेलमध्येच, ही गोष्ट आम्हांला थक्क करून गेली. १९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. पुढे १९४९ साली जेम्स नील यांनी कुटुंबांचा अभ्यास करून दाखविले की रुग्णाचे आईवडील दोघेही वाहक असतात; ही आनुवंशिकीची वाट. त्याच वर्षी, ‘सायन्स’ या त्याच नियतकालिकात, लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निराळ्या गतीने सरकते आणि वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन असते. ही जीवरसायनाची वाट. काही वर्षांनी व्हर्नन इन्ग्रम यांनी फरक नेमका शोधला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. डीएनएच्या भाषेत एका अक्षराचा बदल : जीएजी ऐवजी जीटीजी. त्यामुळे प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात, पेशी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. हातापायांच्या असह्य कळा, कावीळ, रक्तक्षय, वारंवार जंतुसंसर्ग हे सर्व त्या एका अक्षरातून उपजते.

आणि मग तो प्रश्न, जो आपल्या समाजाला दबक्या आवाजात विचारला जातो : हा आजार आमच्याच लोकांत का? १९५८ साली मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयी नागपूरच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. तेव्हापासून आजवर या आजाराला काही जातीजमातींच्या नावाची चिठ्ठी चिकटली ती निघत नाही. आनुवंशिकीचे उत्तर निराळे आहे. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखविले की वाहकाला घातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे मलेरियाने पिढ्यानपिढ्या मुले नेली, तेथे ‘एस’ जनुकाचे वाहक अधिक संख्येने जगले आणि ते जनुक टिकले. म्हणून ते पश्चिम आफ्रिकेत आहे, ग्रीसच्या काही भागांत आहे, सौदी अरेबियाच्या पूर्व भागात आहे आणि मध्य भारताच्या वनपट्ट्यात आहे. हा नकाशा मलेरियाचा आहे. त्यात कोणाच्या कुळाचा दोष नाही आणि कोणाच्या पूर्वजन्मीचे काही नाही. उलट मलेरियाच्या साथींतून वाचलेल्या पूर्वजांची ती खूण आहे. रक्ताच्या आजारांचा मलेरियाशी असा संबंध असावा हा विचार जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ सालीच मांडला होता. हेच हाल्डेन पुढे भारतात येऊन स्थायिक झाले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले. आपल्या शाळांतून त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही, हे आम्हांला खटकते.

थोडे विषयांतर. अभ्यासक्रमात आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांची गोष्ट येते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांच्या फळमाश्यांच्या प्रयोगशाळेत हा पदवीही न मिळालेला विद्यार्थी काम करी. १९११ साली एका संध्याकाळी त्याच्या मनात आले की दोन जनुके किती वेळा एकमेकांपासून सुटतात यावरून त्यांचे गुणसूत्रावरील अंतर काढता येईल. दुसऱ्या दिवशीचा गृहपाठ बाजूला ठेवून तो रात्रभर बसला आणि जगातील पहिला जनुक-नकाशा तयार झाला. वसतिगृहात दिवे मालवण्याच्या वेळेवरून अधीक्षकांशी हुज्जत घातलेल्या सर्वांना ही गोष्ट आवडावी. (गृहपाठ न केल्याचे समर्थन म्हणून विद्यार्थ्यांनी ती वापरू नये.)

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. गावातील शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी ‘एस’ आहे की नाही एवढेच सांगते. तो मनुष्य वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढील चाचणी करावी लागते. ‘सिकल पॉझिटिव्ह’ एवढ्या शब्दांवर कोणीही भिऊ नये आणि निश्चिंतही होऊ नये. दुसरा अहवाल हाती येईपर्यंत थांबावे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली असून चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. रुग्णांसाठी हायड्रॉक्सियुरियासारखी औषधे आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतल्यास कळांचे प्रमाण कमी होते.

सोयरिकीच्या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे. वाहक मुलीचे ठरलेले लग्न मोडल्याच्या कहाण्या आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. मुलगा एए असेल तर त्या लग्नातून रुग्ण मूल जन्माला येत नाही. निम्मी मुले वाहक होण्याची शक्यता, इतकेच. मुलीचा अहवाल मागावयाचा आणि मुलाची तपासणीच करावयाची नाही, ह्यात शास्त्र नाही, केवळ पाहुण्यांचा रुबाब आहे. दोघेही वाहक निघाले तरी निर्णय त्या दोघांचा. पण गर्भावस्थेत निदान होऊ शकते, समुपदेशन मिळते, हे त्यांना आधी ठाऊक असले पाहिजे. पत्रिका जुळविण्याचा प्रघात आपण सोडला. त्या रिकाम्या जागी दोन कागद शेजारी ठेवावयास हरकत नाही.

असो. ज्यांना हा अभ्यास करावयाचा आहे त्यांच्यासाठी : व्याख्याने पाहण्यास शुल्क पडत नाही, प्रमाणपत्र हवे असल्यास पडते. आनुवंशिकीच्या भागाला आम्हांला दर आठवड्यास पाच-सहा तास द्यावे लागले. एकट्याने बसू नये. तिघे तरी असावेत. पूर्वतयारी म्हणून पुढील उदाहरण करून पाहावे.

एका निरोगी तरुणाची धाकटी बहीण एसएस आहे. आईवडील दोघेही वाहक. त्याची स्वतःची तपासणी झालेली नाही. त्याचा विवाह एका तरुणीशी ठरत आहे आणि ती वाहक असल्याचे अहवालात आहे. त्यांचे पहिले मूल रुग्ण असण्याची शक्यता किती? तरुण वाहक असण्याची शक्यता तीनांत दोन. तो वाहक असेल तर मूल रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक. दोन्हींचा गुणाकार, सहांत एक. आता तरुणाने तपासणी करून घेतली असे समजा. अहवाल एए आला तर ‘सहांत एक’चे शून्य होते. एएस आला तर चारांत एक.